अढळची अचूक उंची

शहरातल्या सगळ्या उंच इमारती वीतभर वाढल्या आहेत असं आकडे सांगायला लागले, तेव्हा फूटपट्टीने सगळ्यात आधी संशय घेतला तो काठीवाल्या काकांवर.

"काका, काठी सरळ धरली होती ना?"

"मी वाकडा असेन," काका म्हणाले, "काठी सरळच होती."

यात खोटं काही नव्हतं. काकांच्या कमरेने केव्हाच राजीनामा दिला होता, पण त्यांच्या हातातली मोजकाठी अशी ताठ उभी राहायची की जणू तिचं कोणाशी तरी भांडण झालंय. मग फूटपट्टीने दुर्बिणीवर संशय घेतला. ती पुसली, तिपाई बदलली, पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला आणि बँकेचा टॉवर पुन्हा मोजला. वीतभर जास्त. मग रेडिओवाल्यांचा टॉवर. वीतभर जास्त. मग इस्पितळाची नवी इमारत, जिच्यावर कोणीच आजवर कसलाही संशय घेतला नव्हता. तीही वीतभर जास्त.

फूटपट्टी हे काही आईने ठेवलेलं नाव नव्हतं. तो उंची कचेरीत नोकरीला लागला त्या दिवशी साहेबांनी त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं आणि "कचेरीच्या नावाला शोभत नाही, पण चालेल" असा शेरा मारला. त्या दिवसापासून तो फूटपट्टी झाला आणि आठवडाभरात ते नाव त्याच्या आधी घरी पोचलं. आता ताईला त्याचं खरं नाव विचारलं तर तिला क्षणभर थांबावं लागतं.

उंची कचेरीत माणसं तीन: साहेब, काका आणि तो. काम एकच. शहरातल्या प्रत्येक उंच इमारतीचं टोक नेमकं किती उंचीवर आहे ते दरवर्षी मोजायचं आणि विमानवाल्यांना कळवायचं. इमारतीचं दार कुठे आहे याच्याशी विमानाला काही देणंघेणं नसतं. टोक कुठे आहे, याच्याशी मात्र फार असतं. म्हणून कचेरी कुठलीही इमारत तिच्या पायापासून मोजत नसे. सगळ्या शहराला मिळून एकच शून्य होतं, एका भिंतीत ठोकलेलं पितळी बटण. त्या बटणापासून सुरुवात करायची, गल्लीबोळांतून तीच पातळी काठी-दुर्बिणीने पुढे पुढे न्यायची, आणि हव्या त्या इमारतीसमोर उभं राहून टोकावर नेम धरायचा. टोक बटणाच्या जितकं वर, तितकी उंची. सोपं काम होतं. चुकलं तर विमान आदळायचं, एवढंच.

"वाढल्या?" साहेबांनी चष्मा काढला. "सगळ्या?"

"सगळ्या. एक सोडून."

"कोणती?"

"अढळ."

साहेबांनी चष्मा परत लावला. सगळा वर्ग नापास व्हावा, एकच मुलगा पास व्हावा आणि तो नेमका आपला असावा, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

कारण अढळ हा तेवीस मजली टॉवर साहेबांनी बांधला नसला तरी साहेबांचाच होता. पूर्वी शून्याचं बटण पाण्याच्या जुन्या टाकीवर होतं. टाकी पाडायची ठरली तेव्हा शून्य कुठे हलवायचं यावर कचेरीत महिनाभर खल झाला, आणि तेव्हा तरुण असलेल्या साहेबांनी उभं राहून सांगितलं, की शहरातली सगळ्यात जड इमारत शोधा आणि तिच्यात ठोका. इतकी जड वस्तू हलणार कुठे? या वाक्यावर ते साहेब झाले. तेव्हापासून शहराचं शून्य अढळच्या दाराशेजारच्या भिंतीत होतं आणि निवृत्तीला टेकलेल्या साहेबांच्या टेबलामागे त्या प्रसंगाचा फोटो होता. तरुण साहेब, अढळची भिंत, बटणावर ठेवलेला हात.

"ऊन," साहेब म्हणाले. "लोखंड उन्हात वाढतं. शाळेत शिकलास ना?"

"साहेब, हिवाळा आहे."

"म्हणजे उन्हाळ्यात आणखी वाढतील. लिहून टाक तसं."

बातमी बाहेर पडली आणि शहराला हर्ष झाला. बँकेने दारात पाटी लावली: 'आता वीतभर अधिक'. एका डॉक्टरांनी वर्तमानपत्रात लिहिलं की उंच इमारतींत राहणाऱ्या मुलांना याचा फायदा होईल. काकांनीही आपलं मत दिलं. माणूस म्हातारा झाला की आखडतो, तर इमारतीचं बहुतेक उलट असेल.

फूटपट्टीने पुढच्या आठवड्यात कोणालाही न सांगता बँकेचा टॉवर परत मोजला. आणखी दोन बोटं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी चार.

इमारतींची वाढ वाढत होती.

शेवटी त्याने जुन्या माणसांची रीत वापरली. बँकेच्या गच्चीवर चढून त्याने पोलादी टेप खाली सोडली, टोकाला वजन बांधून, आणि काकांना पायथ्याशी उभं केलं. गच्चीपासून उंबऱ्यापर्यंत. यात दुर्बीण नाही, बटण नाही, कोणाचं शून्य नाही. फक्त इमारत आणि टेप. खालून काकांनी आकडा ओरडून सांगितला. तो बांधणाऱ्यांच्या जुन्या नकाशात छापलेला आकडा होता. बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही.

म्हणजे बँक वाढलेली नव्हती.

फूटपट्टी कठड्याशी तसाच उभा राहिला. वर गार वारा होता, घाम यायचं काही कारण नव्हतं. बँक वाढली नाही. रेडिओवाले वाढले नाहीत. इस्पितळही वाढलं नाही. सगळे आपापल्या जागी गुपचूप उभे आहेत, आणि तरी बटणापासून सगळ्यांची टोकं लांब जातायत. त्याने हे वाक्य मनात उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. दोन्हीकडून त्याचा अर्थ एकच निघत होता. शहर वर जात नव्हतं. बटण खाली जात होतं. आणि बटण भिंतीत पक्कं बसलं होतं, भिंत अढळची होती, आणि अढळच्या तेविसाव्या मजल्यावरच्या सज्जात, इथून नुसत्या डोळ्यांनी दिसत होती ती निळी चादर त्याच्या ताईने वाळत घातली होती. घरात आत आई असणार.

"झालं का?" काका खालून ओरडले. "मी टेप सोडू?"

"सोडू नका!" फूटपट्टी उगाचच ओरडला. "काहीच सोडू नका!"

*

अढळच्या दाराशी तो पोचला तेव्हा बटणापुढे उभं राहायला त्याला थोडं धैर्य गोळा करावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी ते बटण त्याच्या खांद्याला लागायचं. गेल्या वर्षी त्याच्या बोटभर खाली. आता ते छातीच्या बरंच खाली होतं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. चांगलं लक्षात आलं होतं. फक्त त्याचं श्रेय त्याने रोज सकाळी बारला लोंबकळण्याच्या व्यायामाला दिलं होतं आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी आपण उंच होतोय ही गोष्ट मनातल्या मनात जपून ठेवली होती. उंची मोजणं हा ज्याचा धंदा, त्याने स्वतःला मात्र कधी मोजलं नव्हतं.

आता त्याने मोजलं. भिंतीला पाठ लावून, डोक्यावर तळहात आडवा धरून. तो होता तेवढाच होता.

बाकी अढळमध्ये काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. भिंतीला तडा नाही. दारं अडकत नाहीत. त्याने पिशवीतून छोटी पातळी काढून उंबऱ्यावर ठेवली तर बुडबुडा अगदी मधोमध, डुलकी काढल्यासारखा. इमारत कलत नव्हती. ती सरळ, शिस्तीत, कोणाला त्रास न देता खाली चालली होती.

"काय शोधताय?" मागून आवाज आला. हा सोसायटीचा सेक्रेटरी. गळ्यात शिट्टी. ती त्याने पार्किंगसाठी घेतली होती, पण आता ती त्याच्या बोलण्याचाच भाग झाली होती.

"इथे दाराला तीन पायऱ्या होत्या ना?"

"होत्या. आता दोन आहेत."

"तिसरी कुठे गेली?"

"रस्ता वर आला," सेक्रेटरी म्हणाला. "दरवर्षी डांबर ओततात. एक दिवस दारातून आत येतील." मग आवाज बारीक करून, "ते सोडा. शेजारचा टॉवर म्हणे वीतभर वाढला? आमच्यापेक्षा उंच झाला? आणि आम्हीच का नाही वाढलो? सगळ्या शहरात आम्हीच कसे मागे?"

फूटपट्टीने शेजारच्या दाराकडे पाहिलं. तोच रस्ता, तेच डांबर. त्यांच्या पायऱ्या तीनच्या तीन शाबूत होत्या.

*

"बुडतोय?" ताई म्हणाली. "आम्ही? तेविसाव्या मजल्यावर?"

"मजल्याचा प्रश्न नाही ताई..."

"अरे, आमच्याइतकं जमिनीपासून लांब या गावात कोणी नाही. बुडायचं झालं तर आधी पहिला मजला बुडेल, मग दुसरा. आमचा नंबर यायला वेळ आहे."

"हेच सांगतोय. तुमचा नंबर येईल."

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहायची. तिचा नवरा बाराही महिने परगावी असे. घर तिने एकटीने निवडलं होतं, एकटीने लावलं होतं, आणि खिडकीतून अख्खं शहर दिसतं हे ती पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगायची.

"तुला हे घर पहिल्यापासूनच बघवत नाही. गृहप्रवेशाला आलास तेव्हा काय म्हणालास आठवतंय? 'लिफ्ट बंद पडली तर?' मिठाई हातात होती तुझ्या."

"लिफ्ट बंद पडली होती ना पण त्याच दिवशी?"

"ती वेगळी गोष्ट."

"मी म्हणत नव्हते?" आई आतल्या खोलीतून म्हणाली. गुडघे धरत ती बाहेर आली आणि खुर्चीत बसली. "पायरी गेली म्हणून मी हिला कधीची सांगतेय. तीन चढताना माझा गुडघा दोनदा ओरडायचा. आता एकदाच ओरडतो."

"आई, म्हणजे गुडघा बरा झाला. आनंद मान."

"गुडघा बरा व्हायला मी काय केलं? काही नाही. आपण काही न करता बरं झालं की माझ्या पोटात गोळा येतो." आईने फूटपट्टीकडे पाहिलं. "पट्ट्या, किती दिवस?"

"माहीत नाही, आई. आधी वर्षाला बोटभर होतं. ते मोजण्यातली चूक म्हणून आम्ही सोडून दिलं. आता आठवड्याला चार बोटं. आणि एकदम काय होईल ते..."

"एकदम काही होत नाही," ताई म्हणाली. "तुझ्या साहेबांना सांगितलंस? काय म्हणाले?"

साहेबांना सांगून झालं होतं. साहेबांनी सगळं ऐकलं, टेपचा आकडा पाहिला, आणि खुर्ची फिरवून भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले. फोटोत बटण त्यांच्या गळ्याशी होतं.

"शून्य हलत नाही," ते म्हणाले. "हललं तर ते शून्य कसलं?"

"साहेब, तुम्हीच एकदा चला, बटणाशी उभे राहा..."

"मी गेल्याच आठवड्यात उभा होतो. पोटाशी आलंय." ते थोडे लाजले. "मला वाटलं, योगासनं."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग साहेबांच्या चेहऱ्यावरचा दरवाजा हळूच बंद झाला.

"हे बघ. शून्य चुकलं म्हणजे आपण आजवर दिलेली प्रत्येक उंची चुकली. सगळ्या शहराची. माझी पूर्ण नोकरी चुकली. त्यापेक्षा इमारती वाढल्या, हे लोकांना आवडलेलं आहे." त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "आणि अढळला आपण गौरव देतोय. 'अचूक उंचीची इमारत'. शहरात ही एकटीच दिलेल्या आकड्याला जागली. गच्चीवर संगमरवरी शिळा बसवायची. रविवारी सकाळी."

"शिळा किती जड?"

"चांगली जड," साहेब अभिमानाने म्हणाले.

*

माणसांना 'तुमची इमारत बुडतेय' असं सांगितलं तर ती हसतात. ताई तर हसून चहा टाकायला निघून गेली होती. फूटपट्टीने रात्रभर छताकडे पाहत याचा विचार केला आणि सकाळी तो थेट सेक्रेटरीकडे गेला.

"शेजारच्या टॉवरपेक्षा उंच व्हायचंय?"

शिट्टी सेक्रेटरीच्या ओठांतून खाली पडली.

"तुमची इमारत दबलेली आहे," फूटपट्टी तोंडावरची माशीही हलू न देता म्हणाला. "माणसांच्या वजनाने. आम्ही ती भरलेली मोजली. खरी उंची रिकाम्या इमारतीची असते. रविवारी शिळा बसवायच्या आधी सगळे खाली उतरले, एकूण एक, तर मी पुन्हा मोजतो. कोणी सांगावं, दोन वीत निघेल."

"सगळे?"

"एक माणूस जरी आत राहिला, तरी आकडा खोटा."

इमारत वाचवायला त्या सेक्रेटरीने कडी काढायचे कष्ट घेतले नसते. पण शेजाऱ्याला हरवायचं म्हटल्यावर त्याच्यात दहा माणसांचं बळ आलं. रविवारी सकाळी तो मजल्यामजल्यावर शिट्टी फुंकत फिरला. आजारी माणसांना खुर्चीसकट उतरवलं. एकाला व्यायामाची लोखंडी वजनं खाली आणायला लावली. चौथ्या मजल्यावरची माशांची काचेची पेटी पाण्यासकट आली. गच्चीवरची टाकी रिकामी केली. "वजनदार मंडळींनी कृपया आधी उतरावं," असं तो भोंग्यातून सांगत होता, आणि वजनदार मंडळी, ज्यांना एरवी याचा राग आला असता, आज कर्तव्य म्हणून सगळ्यांच्या पुढे होती.

समोरच्या मैदानात अख्खं अढळ सतरंज्या पसरून बसलं. जणू सहल आली होती. ताई घराच्या किल्ल्या बोटात फिरवत उभी होती.

"झालं की लगेच वर जायचंय हं," ती म्हणाली. "दूध बाहेर राहिलंय."

आई खुर्चीवर बसली होती. तिने खुर्ची गच्चीकडे नाही, दाराकडे तोंड करून लावून घेतली होती.

फूटपट्टीचा बेत इतकाच होता: माणसं खाली आणायची आणि मग मोजत राहायचं. दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत, जमलं तर उद्यापर्यंत. हा आकडा जुळला नाही, तो जुळला नाही, ऊन आलं, सावली आली. तोवर कोणीतरी डोळे उघडेल, नाहीतर अढळ स्वतःच काय ते सांगेल. वर कोणी जायची गरज नव्हती. त्याने नेम धरायला वीज पकडायची दांडी ठरवली होती.

"दांडी?" साहेब म्हणाले. ते नवा कोट घालून आले होते. "गौरवाचं मोजमाप आणि वर काठी नको? फोटो काय दांडीचा काढायचा?" आणि त्यांनी काकांच्या हातातून मोजकाठी काढून घेतली. "माझं शेवटचं मोजमाप आहे. काठी मी धरणार."

"साहेब, नको." फूटपट्टीने त्यांना बाजूला घेतलं. "तुम्हाला माहीत आहे."

"मला काहीही माहीत नाही."

"साहेब, पोटाशी आलंय बटण. आज सकाळी मी पाहिलं. माझ्या कमरेशी आहे."

साहेब थांबले. फूटपट्टीने मैदानाकडे पाहिलं. इथे आत्ता ओरडून सांगितलं, तर साहेब कदाचित थांबतील. पण मोजणी मोडेल, सेक्रेटरी शिट्टी फुंकून म्हणेल चला वर, आणि ताई किल्ल्या घेऊन सगळ्यांच्या पुढे लिफ्टकडे जाईल. दूध बाहेर राहिलंय.

तो ओरडला नाही.

"इतकी जड इमारत," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, आणि ते त्याला सांगत होते की विचारत होते ते कळलं नाही. "हलणार कुठे?"

आणि काठी खांद्यावर टाकून ते आत गेले. त्यांच्यामागे लिफ्टचं दार मिटलं.

*

फूटपट्टीने तिपाई रोवली, बुडबुडा मधोमध आणला आणि डोळा काचेला लावला. काचेत दोन बारीक रेघा असतात, एक उभी, एक आडवी. आडवी रेघ त्याने गच्चीच्या कठड्याच्या बरोब्बर काठावर बसवली. कठड्यामागे साहेब दिसले. कोट, टाय आणि शेजारी काठी, काकांनी धरली असती तितकीच सरळ. त्यांच्या मागे शिळा, फुलांनी झाकलेली. ती आदल्याच दिवशी वर चढली होती. साहेबांनी हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"किती?" सेक्रेटरी म्हणाला.

"मोजतोय."

त्याने स्क्रू फिरवला नव्हता. तिपाईला कोणी धक्का दिला नव्हता. तरी कठड्याचा काठ आडव्या रेघेखाली उतरला, इतका हळू, की आधी त्याला वाटलं आपल्या डोळ्याला पाणी आलं. त्याने डोळा पुसला, पुन्हा लावला. आता रेघ साहेबांच्या कमरेवर होती.

त्याने डोळा न काढता फोन कानाला लावला.

"साहेब, जरा खाली आलात तुम्ही."

"मी? मी जागचा हललेलो नाही."

रेघ साहेबांच्या पोटाला आली.

"पट्ट्या," आई मागून म्हणाली. ती मोठ्याने बोलली नाही. "दुसरी पण गेली रे."

मैदानातले सगळे मान वर करून टोकाकडे पाहत होते. इमारत उंच झालेली बघायला आलेला माणूस पायऱ्या कशाला बघेल? दाराकडे फक्त आई पाहत होती. आणि आता, आईचा आवाज ऐकून, ताई. किल्ल्या तिच्या बोटात फिरायच्या थांबल्या.

"साहेब, जिन्याने खाली या. लिफ्ट नको. काठी टाका आणि या. आत्ता."

"तेवीस मजले? जिन्याने?"

फूटपट्टीने काचेतून पाहिलं. रेघ साहेबांच्या टायच्या गाठीवर होती.

"कमी होतायत, साहेब."

मग साहेबांनी, इतकी वर्षं इमारतींची टोकं मोजणाऱ्या त्या माणसाने, मान झुकवून पहिल्यांदाच एका इमारतीच्या पायाकडे पाहिलं असावं, कारण फोनमधून एक छोटासा आवाज आला, शिंकेआधी येतो तसा, आणि फोन बंद झाला. काचेत आता काठी एकटीच होती, कठड्याला टेकवलेली. साहेब नव्हते. काठी सरळ उभ्या उभ्या रेघेखाली गेली.

"किती भरली?" सेक्रेटरीला राहवेना. "सांगा ना! शेजाऱ्यांना मागे टाकलं का?"

"मोजतोय," फूटपट्टी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच दुसऱ्याचा वाटला. "कोणी उठू नका. कोणी आत जायचं नाही. अजून मोजतोय."

ताई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. लहानपणी गर्दीत धरायची तसा तिने त्याचा शर्ट मागून मुठीत घट्ट धरला. काका कंबर सरळ करायचा प्रयत्न करत उभे होते, आणि त्यांचे रिकामे हात हवेत अजून काठी धरल्यासारखे होते. कोणीतरी विचारलं, माशांची पेटी परत वर न्यायची का. पेटीतलं पाणी थरथरत होतं.

"आई," फूटपट्टी डोळा न काढता म्हणाला, "दार?"

"दार अजून दिसतंय," आई म्हणाली. "पण वाकून यावं लागेल त्यांना."